मधला नमुना

लातूर
२६ मार्च २०२५

सौ. सिंधु,

वर नमस्कार लिहिलेला नाही. विसरलो नाही, मुद्दाम लिहिला नाही.

एकच विचारायचं आहे. आमच्या मिलमध्ये तू फोन केला होतास का? हो किंवा नाही, तेवढंच लिहून पाठव. फोन करू नकोस. तुझा नंबर मी तीन वर्षांपासून बंद करून ठेवलाय. तो उघडला तर दयानंद नरमला असं दाजी चारचौघांत सांगत फिरतील.

झालं असं. आमची डाळमिल पुण्याच्या एका कंपनीनं घेतली, हे तुला कळलं असेलच. तेव्हापासून इथं पंचशीला मॅडम आल्यात. रजा, हजेरी, कुणाची तक्रार, सगळं त्यांच्याकडं. सोमवारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. वीस वर्षांत त्या ऑफिसात मला कुणी खुर्ची दिली नव्हती. मी तिथंच सावध झालो.

मग त्यांनी एक कार्ड पुढं सरकवलं. त्यावर पुण्याचा एक नंबर आणि खाली छापलेलं: मनावर ताण असेल तर समुपदेशकाशी मोकळेपणानं बोला, कंपनीतर्फे मोफत, तुमचं नाव आणि बोलणं कुणालाही कळणार नाही. "सगळ्यांनाच देतोय, दयानंदराव," म्हणाल्या. सगळ्यांना देताय तर चहा एकट्या मलाच का, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं.

मिलमध्ये माझं काम तुला ठाऊक आहे. गाडी आली की पोत्यात परखी खुपसायची, मधला दाणा काढायचा, हातावर घेऊन बघायचा आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं. परखी म्हणजे ती टोकदार लोखंडी नळी, लहानपणी तू जिला बाबांची तलवार म्हणायचीस ती. गेल्या काही महिन्यांत मी एका पोत्यात दोनदा, तीनदा परखी घालतो. पुढच्या पोत्याकडं जातो आणि परत वाटतं, मागचं नीट बघितलं नाही. गाड्या खोळंबतात. रंग ओळखून दाणा वेगळा करणारं यंत्र पुण्याहून येणार अशी बोलवा आहे. यंत्र आणायला आधी माझं डोकं फिरलंय असं कागदावर यायला हवं ना? ते या कार्डावरून येईल.

माल तपासायला वेळ लागतो, हे मिलला दिसतं. पण मला झोप नाही, घरात मी खेकसतो, हे कळल्याशिवाय तर ते कार्ड दिलं नसणार; मग मिलला हे कसं कळलं? ते शिवांशच्या आईला माहीत आहे आणि ती तुझ्याशी माझ्या चोरून बोलते. मला कळत नाही असं दोघींनी समजू नये.

आईच्या वेळेला तू पाच महिने तोंड मिटून बसलीस. माझ्या वेळेला ते उघडलंस का, एवढंच विचारतोय.

दयानंद


लातूर
५ एप्रिल २०२५

सौ. सिंधु,

तुझं कार्ड मिळालं. "मी फोन केला नाही. तब्येत सांभाळ. सिंधु." तीन वाक्यं, त्यातलं एक तुझं नाव. बरं, नाही केला असं धरून चालतो. पण मग तब्येत सांभाळ का लिहिलंस? माझ्या तब्येतीचं मी काही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं का? मी पत्राची नक्कल ठेवलेली नाही, पण लिहिलं असेल असं वाटत नाही.

असो. मी त्या नंबरावर बोललो.

आधी बोलायचं नव्हतं. पण न बोलावं तर, या माणसाला मदत देऊ केली आणि यानं घेतली नाही, असंही लिहितील. म्हणून म्हटलं, त्यांचा माल आपण आपल्या रीतीनं तपासू. विकणारा पोत्याच्या तोंडाशी नेहमी चांगलंच भरतो. "कुणालाही कळणार नाही" हे पोत्याचं तोंड झालं. आत काय आहे ते बघायचं तर परखी मधोमध घालावी लागते.

तर मी एक खोटी गोष्ट तयार केली. मी उदगीरच्या एका मिलमध्ये जाणार आहे, तिथं बोलणी झालीत, लातूर सोडणार. शिवांशच्या आईलासुद्धा हे सांगितलं नाही. जगात दोघांनाच माहीत, मला आणि फोनवरच्या बाईला. आता हे मिलमध्ये कुणाच्या तोंडून आलं, की माल कुठून गळाला ते कळलं.

जागेचाही विचार केला. घरी भिंतीला कान आहेत, ते तुला माहीत. मिलच्या मागच्या आवारात वजनकाट्याची केबिन आहे, सगळीकडून काच. काट्यावर गुलाम रसूल बसतो. शुक्रवारी तो नमाजला जातो आणि किल्ली माझ्याजवळ देतो. जेवणाच्या सुट्टीत मिल बंद असते, हमाल बाहेर लिंबाखाली जेवत असतात. मी आतून कडी लावली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बोर्डाचं बटण दाबून कूलर चालू केला. तो इतका घरघरतो की माझंच मला नीट ऐकू येईना. त्याहून बंदोबस्ताची जागा लातूरमध्ये नसेल.

बाईंचं नाव सुकन्या. आवाज आपल्याकडचा वाटला, पण "तुम्ही कुठल्या?" विचारलं तर हसून टाळलं. मी उदगीरचं सांगितलं. त्या फक्त "हं" म्हणत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "दयानंदजी, उदगीरला जायचं तुमच्या मनात खरंच आहे?" मी फोन ठेवला. असं का विचारलं असेल, ते रात्री अंथरुणात पडून शोधत होतो.

आता वाट बघायची.

दयानंद


लातूर
९ एप्रिल २०२५

सिंधु,

गळाला. चार दिवससुद्धा लागले नाहीत.

सोमवारी सकाळी पहिल्याच गाडीला बजरंग माझ्या बाजूला आला. हा आमच्या हमालांचा मुकादम, सहा फुटी गडी, कामाशिवाय बोलत नाही. म्हणाला, "भाऊ, उदगीरला चाललाव म्हणं?"

मी परखी पोत्यातच ठेवली. "कोण म्हणलं?"

"आता कोन म्हनलं काय इचारता. समद्यालाच ठावं हाय."

दुपारपर्यंत दोन ड्रायव्हरांनी विचारलं. झाडलोट करणारी गंगम्मा म्हणाली, "उदगीरला गेलाव की कानडी शिका, मंग आमच्यासंगं बोलता यील." सगळे हसले. मीही हसलो, आतून मात्र पेटलो होतो.

खरं सांगू? आनंदही झाला. किती दिवसांनी एखाद्या मालाबद्दल मला पक्कं कळलं. दुसऱ्यांदा परखी घालायची गरज पडली नाही.

मंगळवारी पंचशीला मॅडमकडं गेलो. बसलो नाही. म्हटलं, तुमच्या गुप्त फोनवरचं बोलणं आवारात फिरतंय. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "दयानंदराव, तुम्ही फोन केलात हेच मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. पुण्याहून आम्हाला महिन्याला फक्त आकडा येतो, किती जणांनी फोन केला त्याचा. नावं येत नाहीत." "उदगीरचं?" मी विचारलं. "उदगीरचं काय?" असं त्या इतक्या भाबडेपणानं म्हणाल्या की नाटक कंपनीत असत्या तर नाव काढलं असतं.

शुक्रवारी त्या सुकन्याबाईंना फोन करून सगळं त्यांच्या पदरात टाकणार आहे. तुला हे का लिहितोय ते माझं मला माहीत नाही. बहुतेक एवढ्यासाठी, की विश्वास ठेवला की काय होतं ते तुला कळावं.

दयानंद


लातूर
१५ एप्रिल २०२५

सिंधु,

शुक्रवारी बोललो. त्याच केबिनमध्ये, कूलर लावून, कडी घालून.

मी सुरुवातीलाच त्यांना झाडलं. उदगीरची गोष्ट खोटी होती, तुमची परीक्षा होती, तुम्ही नापास झालात, वगैरे. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी कुणालाही सांगितलं नाही. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी म्हणणार नाही." मग त्यांनी विचारलं, "याआधी कुणी विश्वास मोडला होता?"

मी तुझं नाव घेतलं. घेणारच. म्हटलं, आईचा कॅन्सर माझ्या बहिणीनं पाच महिने माझ्यापासून लपवला. आईला नांदेडला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, दवाखाना केला आणि मला फोन आला तो सगळं संपल्यावर. दहाव्याला मी चार गावच्या लोकांसमोर तिला म्हटलं, की तू माझी आई चोरलीस. ती एक शब्द बोलली नाही.

"तिनं का लपवलं?"

"आईनं शपथ घातली होती म्हणे."

तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी गुपित फोडलं म्हणून तुम्ही माझ्यावर रागावलात आणि बहिणीनं फोडलं नाही म्हणून बहिणीवर."

मी तुला हे लिहितोय, कारण मला ते फार लागलं. त्यानंतर मी आणखी काही बोललो. काय बोललो ते तुला सांगायची गरज नाही. ते कुणालाच सांगायचं नव्हतं आणि ज्या बाईनं उदगीर फोडलं तिलाच नेमकं सांगून बसलो. तोंडाला आवर राहिला नाही. आता मी रोज वाट बघतोय, ते कुणाच्या तोंडून येतं त्याची.

ते अजून आलेलं नाही. पण काहीतरी शिजतंय. शनिवारपासून आवारातली माणसं एकाएकी गोड झालीत. मी एका पोत्यात तीनदा परखी घातली तरी ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाहीत. गंगम्मानं न मागता भाकरी आणि ठेचा आणून दिला. रसूलभाईनं त्याच्या डब्यातली खीर दिली. उदगीरचं कुणी नाव काढत नाही. मी गेलो की बोलणं थांबतं. वीस वर्षं ही माणसं ओळखतो, त्यांनी मला शिव्या दिलेल्या परवडतात, ही माया नको वाटते. मला काढून टाकायचं ठरलंय आणि यांना ते कळलंय, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक. काट्यावरून गाड्यांचे नंबर पुकारायला आवारात एक भोंगा आहे, खांबावर बसवलेला. शनिवारी तो मुका असल्याचं कळलं. बघितलं तर तार उपटलेली. शुक्रवारी दुपारी बजरंगला त्या खांबावरून उतरताना गंगम्माच्या पोरीनं बघितलं होतं. मी सरळ जाऊन मॅनेजरला सांगितलं. बजरंगला बोलावलं, "का उपटली?" विचारलं. तो म्हणाला, "चुकून तुटली, सायेब." खांबावर बारा फूट चढून चुकून तार तुटते का? त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतला आणि मुकादमकी महिनाभर काढून घेतली. सही करताना त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. काहीतरी लपवतोय तो.

तू मागच्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. द्यावं असंही काही नाही.

दयानंद


लातूर
१९ एप्रिल २०२५

अक्का,

काल शुक्रवार होता. सुकन्याबाईंना काही बोलायचं नव्हतं, नुसतं विचारायचं होतं, की दुसरं कुठं सांगितलं का. केबिनशी गेलो तर रसूलभाई नमाजला गेला नव्हता. दारात बसून तो बोर्डाचे स्क्रू पिळत होता. जुना बोर्ड काढून त्यानं दोन नवे बसवले होते आणि पांढऱ्या पट्टीवर पेननं लिहिलं होतं, एकावर कूलर, एकावर भोंगा.

मी पट्ट्या वाचल्या. त्यानं मान वर केली नाही.

"रसूलभाई, आधी एकच बटण होतं का?"

"हाव. एकाच बटनावर दोन्ही. मी दिवसभर दोन्ही चालू ठेवतो, जाताना बंद करतो, म्हणून कधी अडचण आली न्हाई." मग त्यानं माइक दाखवला. त्याची कळ सैल झालीय, सारखी दाबून धरावी लागू नये म्हणून त्यानं तिच्यात कागदाची घडी खुपसून ठेवलीय. माइक कायमचा चालू.

अक्का, मी ज्या बटणानं कूलर लावत होतो, त्याच बटणानं भोंगा चालू होत होता. माझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मी तिथंच पोत्यावर बसलो. मी म्हटलं, "पहिल्या शुक्रवारीच कुणी सांगितलं का नाही?"

रसूल म्हणाला, "लोकांना वाटलं, मालकाला आयकू जावं म्हणून तू मुद्दाम भोंग्यावरून बोलून राहिला. तुझा सोभाव बघून कुणाला नवल वाटलं न्हाई. तू कूलरसाठी ते बटन दाबतो, हे माझ्या ध्यानात आलं ते परवा तार जोडताना."

"आणि दुसऱ्या शुक्रवारी?"

त्यानं पुढचा स्क्रू लावायला घेतला. "दुसऱ्या जुम्म्याला तुझ्या अम्मीची बात निघाली. तू रडायला लागला. लोक जेवता जेवता थांबले. कुणी म्हणलं, काच वाजवून सांगा त्याला. बजरंग म्हणला, काच वाजवली तर त्याला कळंल की आपण आयकलं. आणि खांबावर चढला." मग म्हणाला, "खाली उतरून सगळ्यांना म्हणला, उदगीर मस्करीची बात व्हती, ही मस्करीची न्हाई. हितली हितंच ठेवायची."

पंचवीस-तीस माणसं, अक्का. हमाल, ड्रायव्हर, गंगम्मा. आठ दिवस एकाच्याही तोंडून ते बाहेर पडलं नाही. आणि ज्यानं तार उपटली त्याचं नाव मी मॅनेजरला सांगितलं. "भाऊचं बोलणं झाकायला उपटली" एवढं तो म्हणाला असता तर सुटला असता. तो चुकून तुटली म्हणाला.

मी रात्रभर दहाव्याचा तो दिवस आठवत बसलो होतो. तूही एक शब्द बोलली नव्हतीस.

आता तुला ते सांगतो, जे तुला सोडून सगळ्या आवाराला माहीत आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी रेणापूरला आईकडं गेलो होतो. लाइटबिल शोधायला तिची पेटी उघडली. लुगड्यांखाली एक फाईल होती. वर नांदेडच्या दवाखान्याचं नाव, आईचं नाव. अक्का, मी ती हातात घेतली. जाड होती. आई चुलीशी होती, तिची पाठ माझ्याकडं होती. मी दिवसाला दोनशे पोती उघडून बघणारा माणूस, आणि मी ती उघडली नाही. तशीच ठेवली. आई म्हणाली, "सापडलं का रं?" मी म्हटलं, "सापडलं." मला वाटलं, जोवर मी बघितलं नाही तोवर ते नाही.

मग ती म्हणाली, महिनाभर सिंधुकडं जाऊन येते. मी "कशाला" असंसुद्धा विचारलं नाही. मीच तिला लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. ती माझ्याकडं बघत राहिली, मी विचारावं म्हणून की विचारू नये म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. पाच महिन्यांत मी एकदाही नांदेडला आलो नाही. हंगाम आहे म्हणालो. दर वर्षीच हंगाम असतो.

तू माझ्यापासून काही लपवलं नाहीस. मला माहीत होतं. मी तीन वर्षं तुझ्यावर ओरडलो, कारण तसं केलं नसतं तर मला स्वतःकडं बघावं लागलं असतं. बजरंगनं तार उपटली ती इथंवर ऐकून.

दयानंद


लातूर
२६ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
दयानंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

सोमवारी मॅनेजरपुढं जाऊन सांगितलं, की बजरंगची चूक नव्हती, केबिनमध्ये मी होतो, बटण मी दाबलं होतं. काय बोलत होतो असं त्यांनी विचारलं नाही. पंचशीला मॅडम तिथंच होत्या, त्यांनी माफीनामा काढून माझ्यासमोर फाडला. मुकादमकी परत दिली. यंत्र येणार आहे हे खरं आहे. ते तयार झालेली डाळ निवडणार, कच्चा माल बघायला माणूस लागणारच, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, त्या दिवशी चहा मलाच का दिला? म्हणाल्या, "दुपारचे चार वाजले होते, दयानंदराव. मी माझ्यासाठी मागवत होते."

मग बजरंगकडं गेलो. माफी मागितली. तो पोतं पाठीवर घेऊनच उभा राहिला.

"कशाची माफी?"

"तू ऐकलंस ना सगळं."

"म्या काय आयकलं न्हाई, भाऊ. भोंगा बंद व्हता." आणि पोतं घेऊन गेला.

सुकन्याबाईंनाही फोन केला, या वेळी लिंबाखालून. त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बहिणीला कळवलंत का?" म्हटलं, पत्र टाकलंय, उत्तर नाही. म्हणाल्या, "मग जाऊन विचारा." त्या आपल्याकडच्याच आहेत, अक्का. कुठल्या ते अजून सांगितलं नाही, आणि मीही आता विचारणार नाही.

एक शंका मात्र उरलीय, ती तुलाच विचारतो. मी फाईल परत ठेवली ती उलटी ठेवली होती. नांदेडच्या गाडीत ती मला आईच्या पिशवीत दिसली होती, म्हणजे पेटीतून तिनंच काढली होती. तिला कळलं असेल का? तिनं तुला सांगितलं होतं का? दहाव्याला मी तुला चोर म्हणालो, तेव्हा हे तुला माहीत होतं का? माहीत असूनही तू गप्प राहिली असशील, तर मी तुझ्यासमोर कसा उभा राहू ते मला कळत नाही. तरी येणार आहे.

वैशाखातली आईची तिथी पुढच्या रविवारी येते. मागची दोन्ही वर्षं तिचं इथं वेगळं आणि तिथं वेगळं झालं. यंदा नको. शनिवारी सुट्टी काढलीय, सकाळच्या गाडीनं शिवांश आणि त्याच्या आईला घेऊन येतो. तुझा नंबर काल उघडलाय. दाजींना काय सांगायचं ते सांगू दे.

एकच मागणं आहे. आईचे ते पाच महिने मला सांग, पहिल्या दिवसापासून. ती काय खायची, कधी हसली, माझं नाव घेतलं का, किती दुखलं. मी मधे बोलणार नाही. त्यासाठी आतल्या खोलीत जाऊन दार लावू नकोस. ओट्यावर बसू. शेजारपाजारच्यांनी ऐकलं तरी चालेल.

तुझा,
दयानंद